ऐंशी चेंडू

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. बेसबॉलशी माझा संबंध यावा असे माझ्या आयुष्यात काहीच नव्हते. पण शाळेच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ बाहेरगावी जायचा म्हटला की सोबत एक बाई लागते. 2017 साली मुख्याध्यापकांनी ते काम माझ्यावर सोपवले. मैदानाच्या कडेला नुसत्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसणे मला पटेना, म्हणून मोबाईलवर नियम शिकू लागले. सॉफ्टबॉल शोधता शोधता त्याचा थोरला भाऊ बेसबॉल सापडला आणि त्याच्याबरोबर लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर क्लेटन केर्शॉ. तो डावखुरा. आमच्या संघात चेंडू टाकणारी मुलगीही डावखुरीच. घरच्यांनी रागावून तिला जेवणापुरता उजवा हात शिकवला होता. लिहिणे आणि फेकणे मात्र डाव्यानेच. मी त्याच्या बाजूची झाले ती बहुधा तिच्यामुळे.

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो. प्रत्येक संघाला 162 सामने खेळायचे असतात. एप्रिलमधल्या एका पराभवाने काही बिघडत नाही, पण एप्रिलमध्ये खांदा गेला तर सारा हंगाम जातो. हे गणित मला तोंडपाठ होते. तरीही 13 एप्रिल 2022 च्या रात्री ते मी विसरले.

रमजानचा महिना होता. तरावीह आटोपून मी पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले होते. मिनेसोटात तेव्हा दुपार होती, कडाक्याची थंडी होती आणि केर्शॉचा तो हंगामातला पहिलाच सामना होता. सात डाव झाले, एकवीस फलंदाज आले आणि एकवीसही बाद झाले. त्यातले तेरा तर त्याने ‘स्ट्राइकआउट’ करून परतवले. आणखी सहा जण बाद झाले असते तर तो ‘परफेक्ट गेम’ ठरला असता. एकोणिसाव्या शतकापासूनच्या इतिहासात तोवर असे फक्त 23 सामने झाले होते. त्याने टाकले होते अवघे ऐंशी चेंडू. आणि मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी त्याला बसवले. पुढच्याच डावात दुसऱ्या पिचरच्या चेंडूवर फटका बसला. डॉजर्सनी सामना 7-0 असा जिंकला, पण मला जेवणात मीठच नसल्यासारखे वाटले. सहरीपर्यंत मी रॉबर्ट्सना मनातल्या मनात बोलत होते.

रॉबर्ट्सची ही सवय जुनी. 2016 च्या एप्रिलमध्ये, मॅनेजर म्हणून त्यांच्या पहिल्याच आठवड्यात, रॉस स्ट्रिपलिंग नावाचा नवा पिचर आयुष्यातला पहिला मोठा सामना खेळत होता. आठव्या डावापर्यंत त्याने एकही फटका बसू दिला नव्हता. शंभर चेंडू होताच रॉबर्ट्सनी त्याला काढले. त्याच्या कोपरावर दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती. पुढच्याच फलंदाजाने षटकार म्हणावा तसा होमरन मारला आणि डॉजर्स तो सामना हरले. इतके होऊनही या माणसाने आपली रीत बदलली नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. न्यूयॉर्क मेट्स हा संघ 1962 पासूनचा. पन्नास वर्षांत त्यांच्या एकाही पिचरला ‘नो-हिटर’, म्हणजे एकही फटका न बसू देता पूर्ण सामना, जमला नव्हता. 1 जून 2012 ला योहान सांतानाने ते करून दाखवले. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो आदले वर्षभर खेळलाही नव्हता. मॅनेजर टेरी कॉलिन्स यांना त्याला काढायचे होते, पण काढवले नाही. 134 चेंडू झाले. त्या हंगामानंतर सांताना मोठ्या लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. त्या 134 चेंडूंनीच हे केले, असे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण कॉलिन्सना त्या रात्री झोप लागली असेल का, असा विचार माझ्या मनात येतो.

येतो, कारण माझाही एक 2018 सालचा सामना आहे.

जिल्ह्याची अंतिम लढत. आमच्या यंत्रमागाच्या गावातली उर्दू शाळा तिथवर पहिल्यांदाच पोचली होती. निघताना त्या मुलीची आई म्हणाली होती, “टीचर, बच्ची आपके हवाले है.” सकाळी उपांत्य सामना झाला, दुपारी अंतिम. पाचव्या डावात ती खांदा धरून उभी राहिली. मी विचारले तर म्हणाली, “थोडा दुखता है टीचर, मगर फेंकूँगी.” पीटीच्या सरांनी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या मुलीला पाठवायचे का, हे मी ठरवायचे होते. मी मान हलवून नकार दिला. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी सोडवला होता. मूल ‘चालेल’ म्हणते ते बऱ्याचदा मोठ्यांसाठी म्हणते, हे त्यात लिहूनही आले असेन. त्या क्षणी मला फक्त कप दिसत होता.

आम्ही जिंकलो. नंतर दोन महिने तिला हात वर उचलता येईना. लिहायचा हातही तोच. सहामाहीचे पेपर तिने अर्धेच सोडवले. पुढच्या वर्षी घरच्यांनी तिला मैदानावर पाठवले नाही. त्यांना काय म्हणायला मला तोंड नव्हते.

त्या रमजानच्या रात्री रॉबर्ट्सवर चिडता चिडता मला हे आठवले आणि राग कुणावर आहे ते कळले. केर्शॉने स्वतः नंतर सांगितले की निर्णय बरोबर होता. मालक-खेळाडूंच्या वादात टाळेबंदी झाल्याने सरावाला पुरेसे दिवसच मिळाले नव्हते. जुलैतल्या ऑल-स्टार सामन्याची सुरुवात त्यानेच केली. मधे पाठीने त्याला बसवलेच, म्हणजे सावध राहूनही सारे टळते असे नाही. पण तो 2025 च्या हंगामापर्यंत खेळला आणि तीन हजार फलंदाजांना ‘स्ट्राइकआउट’ करून निवृत्त झाला. परफेक्ट गेम त्याच्या नावावर नाही.

मध्यंतरी ती मुलगी बाजारात भेटली. मी खांद्याची चौकशी केली. हसून म्हणाली, “टीचर, कप तो आया ना!” तिने मला माफ केले, की तिला माफ करण्यासारखे काही वाटलेच नाही, कोण जाणे. कप मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. आता मी मैदानावर वही घेऊन बसते आणि प्रत्येक चेंडूची रेघ ओढते. आकडा भरला की मुलगी कितीही “फेंकूँगी” म्हणो, मी उठते. मुली रुसतात. रुसू देत.