उपाशी इंजिन

‘जोंगा’ हा शब्द ऐकून कोणा दूरदेशीच्या भाषेचा संशय यावा. पण ती आहेत ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ची आद्याक्षरे. निसानच्या परवान्यावर बनलेल्या या लष्करी गाडीचे उत्पादन 1999 साली थांबले. लिलावात निघालेली एक जोंगा रांझीतल्या एका निवृत्त कामगाराने हौसेने घेतली होती.

तिचे दुखणे मोठे चमत्कारिक. दारात उभी असता इंजिन शांतपणे चाले. गाव सोडून चढ लागला की गुदमरून बंद पडे. अर्धा तास विसावा दिला की पुन्हा सुरू. मे महिन्यात सर्वांनी उन्हाला बोल लावला, नळीतच पेट्रोलची वाफ होते म्हणून; पण जानेवारीतही तेच. प्लग बदलले, कार्बुरेटर दोनदा उघडला. “बाबा, आता विकून टाका,” मुलगा म्हणाला.

म्हातारा विचार करीत राहिला. उभ्या इंजिनाची भूक ती किती! उपासमार कळते ती ओझ्याखाली. सुपरचार्जर लावलेल्या शर्यतीच्या गाडीत तर हवा दाबाने कोंबलेली असते. पेट्रोलचा दाब त्या प्रमाणात वाढला नाही, तर पिस्टनच वितळतो. इथे इंजिन नुसते निजत होते.

पुढच्या वेळी गाडी थांबताच त्याने बॉनेटला हात न लावता टाकीचे झाकण फिरवले. सुस्स करून हवा आत शिरली. झाकणातले बारीक छिद्र धुळीने बुजले होते. हवेवाचून टाकीत पोकळी होई आणि पंपाला पेट्रोल ओढवेना. तारेने छिद्र मोकळे केले.

विक्रीची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पेट्रोल भरताना झाकण फुंकून पाहतो, तो आता मुलगाच.