माफीचा कागद

गव्हर्नर म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मलबार हिलवरचा समुद्रकाठचा बंगला, हिरवळीवरचे मोर आणि फीत कापायची कात्री उभी राहते. राज्य त्याच्या नावाने चालते, चालवतो मात्र दुसराच. अमेरिकेतल्या गव्हर्नराचे तसे नाही. तो लोकांनी मते देऊन निवडलेला, म्हणजे आपल्या हिशेबी मुख्यमंत्रीच. शिवाय कायदेमंडळाने संमत केलेले विधेयक अडवण्याचा आणि तुरुंगातल्या कैद्याला माफी देण्याचा अधिकारही त्याच्याच हाती. अशा एका गव्हर्नराविषयी मी आज लिहिणार आहे. नाव जॉन पीटर आल्टगेल्ड, राज्य इलिनॉय, कारकीर्द १८९३ ते १८९७, अवघी चार वर्षे. हे नाव वाचकांच्या कानांवरून गेले नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही. व्हेचल लिंडसे ह्या कवीचे बालपण गव्हर्नराच्या वाड्याला लागून असलेल्या घरात गेले. त्याने पुढे ह्या शेजाऱ्यावर कविता लिहिली आणि तिच्या शीर्षकातच त्याला विसरला गेलेला गरुड म्हटले.

माझी त्याची गाठ पडली ती वकिलीच्या वाटेने. आमच्या जिल्हा न्यायालयाच्या बारच्या खोलीत क्लॅरन्स डॅरो ह्या नामांकित अमेरिकन वकिलाचे आत्मचरित्र कोणीतरी आणून ठेवले होते. पक्षकाराची वाट पाहण्यात वकिलाचे निम्मे आयुष्य जाते. त्या वेळात मी ते वाचून काढले, आणि डॅरोपेक्षा डॅरोने ज्याला गुरू मानले तो माणूसच माझ्या मनात बसला.

हा आल्टगेल्ड जन्मला १८४७ साली जर्मनीत, नासाऊच्या मुलखात. तीन महिन्यांचा असताना आईबापांबरोबर अमेरिकेत आला. ओहायोत बापाची शेती. शाळा म्हणजे कामातून चोरलेला वेळ असे समजणाऱ्या शेतकऱ्यांपैकी बाप एक. (अशी माणसे फक्त आपल्याच गावात असतात असे मला वाटे!) सोळाव्या वर्षी पोरगा यादवी युद्धात शिपाई म्हणून गेला, परत येऊन मास्तरकी केली, मग पायी पश्चिमेकडे निघाला. रेल्वेच्या रुळांवर मजुरी केली, तापाने आजारी पडला, मिसुरीत कायदा शिकला. १८७५ साली शिकागोत आला तेव्हा त्याला तिथे कोणी ओळखत नव्हते. पंधरा वर्षांत जागाजमिनीच्या व्यवहारांत त्याने इतका पैसा केला की शहराच्या मध्यावर सोळा मजल्यांची ‘युनिटी बिल्डिंग’ उठवली. त्याच्या ओठात जन्मतःच थोडा दोष होता, उच्चार जड येत. दाढी राखून त्याने तो झाकला.

पैसेवाल्या माणसाने गरिबांचा कैवार घेतला की लोकांना संशय येतो. पण ह्या गृहस्थाने १८८४ सालीच तुरुंगांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले होते. आपली दंडव्यवस्था गुन्हेगार सुधारत नाही, निर्माण करते, आणि तिच्या जात्यात भरडले जातात ते मुख्यतः गरीब, असे त्यात त्याने आकड्यांनिशी मांडले होते. तेच पुस्तक तरुण डॅरोने ओहायोत असताना वाचले आणि पुढे तो शिकागोला आला.

आता मूळ प्रकरण. १ मे १८८६ रोजी अमेरिकेत ठिकठिकाणी कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम बंद केले. १ मे ही तारीख आपल्या घरी महाराष्ट्र दिन म्हणून येते आणि शेजारी कामगार दिन म्हणून. त्या दुसऱ्या सणाचा उगम हा. चार मेच्या रात्री शिकागोच्या हेमार्केट चौकातली सभा संपत आली असताना पोलीस आले आणि कोणीतरी बाँब टाकला. सात पोलीस त्यात आणि नंतरच्या गोळीबारात जायबंदी होऊन मेले. गोळीबारात सामान्य माणसेही मेली, त्यांची मोजणी कोणी नीट केली नाही. बाँब टाकणारा कधीच सापडला नाही. म्हणून खटला भरला तो आठ जणांवर. त्यांच्या भाषणांनी आणि लेखांनी बाँब टाकायला चेतवले असे म्हणून. सातांना फाशी, एकाला पंधरा वर्षे. ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघे फासावर गेले. पाचव्याने आदल्या दिवशी तुरुंगातच स्वतःचा जीव घेतला. दोघांची फाशी जन्मठेपेवर आली. आल्टगेल्ड गव्हर्नर झाला तेव्हा फील्डन, श्वाब आणि नीबी हे तिघे जोलिएटच्या तुरुंगात होते. त्यांना आता सोडावे असे अनेक प्रतिष्ठित नागरिकही म्हणत होते. झाली तेवढी शिक्षा पुरे, दया करा, अशा अर्जांवर हजारो सह्या झाल्या होत्या.

दयेची वाट सोपी होती. दोन ओळींचा हुकूम काढायचा, राज्य उदार ठरायचे, कोणाचेच काही बिघडायचे नाही.

इथे मला माझ्याच कचेरीतली एक गोष्ट आठवते. वकिलीच्या पहिल्या वर्षांत मी एका म्हाताऱ्या शेतमजुराचा दयेचा अर्ज लिहीत होतो. अपील फेटाळले गेले होते. दयेच्या अर्जात न्यायाधीश चुकले असे कधी लिहू नये, पश्चात्ताप झाला आहे असे लिहावे, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. मी तसेच लिहून भेटीच्या वेळी त्याला वाचून दाखवले. म्हातारा ऐकून म्हणाला, “वकीलसायेब, माफी क्येल्या गुन्ह्याची मागत्यात. म्या न क्येल्याची कशापायी मागू?” मी त्याला समजावले की बाबा, सुटायची हीच एक वाट आहे. त्याने अंगठा दिला. अर्ज मंजूर होऊन तो घरीही गेला. पण तो अंगठा उठवताना त्याने माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघितले होते.

आल्टगेल्डने त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. खटल्याचे सगळे कागद त्याने महिनोन् महिने वाचले आणि २६ जून १८९३ ला तिघांना बिनशर्त माफी दिली. बरोबर आपली कारणेही छापून दिली. इंग्रजीत सतरा-अठरा हजार शब्दांचे हे निवेदन. हे लोक दोषी असतील तर त्यांनी पुरेशी शिक्षा भोगलेली नाही आणि मी मध्ये पडणार नाही, असा त्याचा रोख. मग तो एकेक गाठ सोडवतो. ज्यूरी निवडली गेली ती आरोपींना दोषी ठरवण्यासाठीच. आमचे मत आधीच बनले आहे असे सांगणाऱ्यांनाही न्यायाधीशांनी बसवून घेतले. बाँब टाकणारा कोण हेच ठाऊक नसताना त्याने ह्यांचे ऐकून बाँब टाकला हे सिद्ध कसे झाले? शेवटी तो न्यायाधीश गॅरी ह्यांच्या पक्षपातावर येतो. हा शेवटचा भाग त्याने थोडा आवरता घेतला असता तर बरे झाले असते, असे मला वकील म्हणून वाटते. आधीच्या मुद्द्यांनीच काम भागले होते. शत्रूंनी तेवढेच पान उघडून धरले.

त्या माफीपत्रांची एक हकीकत ब्रँड व्हिटलॉक ह्या सरकारी कारकुनाने पुढे लिहून ठेवली आहे. ज्या ग्रँड ज्यूरीने खटला उभा केला तिचा प्रमुख ड्रायर नावाचा सावकार होता. नंतर त्याचेच मन त्याला खाऊ लागले आणि तो माफीसाठी खटपट करू लागला. आल्टगेल्डने ती पत्रे तुरुंगात पोचवायला त्याच्याच हाती दिली. ड्रायरला रडू कोसळले. गव्हर्नराने त्याचे आभार ऐकून न घेता गाडीची वेळ झाल्याची आठवण दिली.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रे तुटून पडली. तो जर्मन आहे, परका आहे, अराजकवादी आहे. माफी दिली तर आपले राजकारण संपले, हे त्याने डॅरोला आधीच सांगून ठेवले होते.

बाकीची कारकीर्द थोडक्यात सांगतो, जरी तीवर एखाद्या दुसऱ्या गव्हर्नराचे नाव चालले असते. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी आणि बायकांना आठ तासांचा दिवस, असा कायदा १८९३ साली झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी त्याने फ्लॉरेन्स केली ह्या बाईंना मुख्य तपासनीस नेमले. आठ तासांचे कलम १८९५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. त्याच वर्षी ट्रामवाल्या यर्क्सच्या सोयीची विधेयके त्याने अडवली. तेव्हा पाच लाख डॉलरची लाच पुढे केली गेली होती असे सांगतात. १८९४ साली पुलमन कंपनीने मजुरी कापली आणि आपल्याच चाळींचे भाडे मात्र तसेच ठेवले. संप झाला, रेल्वे थांबल्या. अध्यक्ष क्लीव्हलंड हे ह्याच्याच पक्षाचे. त्यांनी राज्याला न विचारता लष्कर पाठवले, तेव्हा ह्याने लांबलचक तार करून त्यांना घटना ऐकवली. संप मोडल्यावर तो स्वतः पुलमनच्या वस्तीत घरोघर फिरला, आणि मालक दाद देईना तेव्हा उपाशी कुटुंबांसाठी जनतेकडे मदत मागितली.

१८९६ साली तो निवडणूक हरला. १८९९ साली शिकागोच्या महापौरपदासाठी उभा राहिला, तेही हरला. युनिटी बिल्डिंग हातची गेली. शेवटी डॅरोने त्याला आपल्या कचेरीत भागीदार करून घेतले; गुरू शिष्याच्या दारी आला म्हणा. ११ मार्च १९०२ च्या रात्री बोअर लोकांच्या बाजूने एका सभेत बोलल्यावर तो कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. वय चौपन्न. गाव जोलिएट. तिथल्याच तुरुंगातून नऊ वर्षांपूर्वी ते तिघे बाहेर पडले होते.

त्या तिघांचे पुढे काय झाले ते मी शोधून पाहिले. श्वाब १८९८ साली वारला. नीबी शिकागोत परतला, पण त्याची बायको तो अटकेत असतानाच गेली होती. तो १९१६ पर्यंत जगला. फील्डन कोलोरॅडोच्या डोंगरात गेला, तिथे त्याने जमीन घेतली, गुरे पाळली. १९२२ साली, चांगला म्हातारा होऊन, तो स्वतःच्या घरात मेला.