सवलतीचें पान

आमचें अहमदनगर आतां अहिल्यानगर झालें. सावेडीकडील मोठ्या उपाहारगृहांच्या दारीं पावसाळ्यांत सवलतीच्या पाट्याही दिसूं लागल्या. ही चाल मूळची न्यूयॉर्कची. तेथें १९९२ सालीं नामांकित उपाहारगृहांनीं सालाच्या आंकड्यावरूनच १९.९२ डॉलरांत दुपारचें ठराविक भोजन दिलें. मुंबईस हा प्रकार २०१० मध्यें आला.

यांत औदार्यापेक्षां हिशेब अधिक. मेज रिकामें राहिलें तरी जागेचें भाडें व आचाऱ्याचें वेतन चुकत नाहीं. ग्राहकानेंही हिशेबीच असावें. मूळ दर ताडून पाहावा. पेय व मिष्टान्न सवलतींत आहे कीं नाहीं, हें आधींच विचारावें. सेवाशुल्क सक्तीनें घेतां येत नाहीं, असें दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें ठरविलें आहे. वाढणाऱ्याच्या हातीं आपखुशीनें कांहीं ठेवण्यास मात्र कोणाचीच आडकाठी नाहीं.

परवां आम्ही सहकुटुंब गेलों, तेव्हां घरांतील स्त्रिया आमच्याबरोबरच बसल्या व ऊन ऊन अन्न जेवल्या. एरव्हीं पुरुषांची पंक्ति उठल्यावर त्यांच्या वाट्यास निवालेलेंच येतें. ही सवलत घरींही देतां येईल. पुरुषांनीं आळीपाळीनें वाढावयास उभें राहिलें म्हणजे झालें.