ढोलकीवाल्याची मुंबई

मुंबईत गाणे ऐकायच्या जागा पुष्कळ आहेत, पण कानाला विसावा कोठे मिळेल असे कोणी विचारले तर आम्ही आमच्या एका ढोलकीवाल्या स्नेह्यांचे नाव पुढे करतो. हे गिरणी कामगाराचे चिरंजीव. भीमगीतांच्या कार्यक्रमांत आणि कव्वालीच्या सामन्यांत त्यांनी पंचवीस वर्षे ढोलकी वाजवली. अलीकडे त्यांच्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजते. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या बारीक पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. उरला आहे तेवढा कान सांभाळा, असे डॉक्टरांनी बजावले. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला खेटून चालल्याचे हे फळ. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ते 'कान धुवायला' निघतात आणि आम्हीही सोबत जातो.

लालबागवरून जाताना ते हनुमान थिएटरची आठवण काढतात. गिरणगावातला कामगार पाळी संपवून तेथे तमाशाला जायचा. वडिलांच्या खांद्यावर बसून खरी ढोलकी त्यांनी तेथेच ऐकली. 1982 च्या संपाने गिरणगाव मोडले, प्रेक्षक पांगला, आणि आता तेथे फड रंगत नाही. फोर्टात काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होते. आम्ही कारकून मंडळी जेवणाच्या सुट्टीत तेथे कॅसेटी चाळत असू, घेणे क्वचितच व्हायचे. तेही 2016 साली बंद झाले.

दादरला चैत्यभूमीवर मात्र ते भल्या पहाटे जातात. 6 डिसेंबरचा जनसागर निराळा, तेव्हा शिवाजी पार्कच्या स्टॉलांवर एकाच वेळी दहा गाणी वाजत असतात. इतर दिवशी पहाटे समुद्राच्या लाटांचा संथ आवाज तेवढा असतो. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, ही गोष्ट ते तेथे हटकून सांगतात. एवढ्या कामातून वेळ काढून सूर जुळवणारा माणूस कर्कश आवाजाला काय म्हणाला असता, हा त्यांचा प्रश्न. आमच्याकडे उत्तर नसते.

पण त्यांची खरी आवडती जागा म्हणजे कान्हेरी. बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून सहा-सात किलोमीटर आत, काळ्या खडकात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे हा मोठा चैत्य. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना उभ्या बुद्धांच्या भव्य मूर्ती, आत खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी स्तूप. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळचा लेख येथे आहे.

आत गेल्यावर आमचे स्नेही चपला हातात घेऊन मुकाट उभे राहतात. एकदा त्यांनी हलकेच एक टाळी वाजवली. आवाज छताला लागून परत आला आणि रेंगाळला. म्हणाले, "बघा साहेब, इथं जलद लय वाजवली तर सगळं एकात एक मिसळून जाईल. इथं सावकाश म्हटलेलं वचनच शोभतं. भिक्खूंनी ते ओळखलं होतं." पावसाळ्यात ढोलकीचे कातडे ओलाव्याने सैल पडते, म्हणून वाद्य घरीच ठेवतात, कातळातल्या टाक्यांत पडणाऱ्या पाण्याचा ठेका ऐकत बसतात. वहिनी भाकरी-ठेचा बांधून आणतात. मुले आरडाओरडा करू लागली की त्या नुसते बोट ओठांवर ठेवतात.

येथे थोडे स्पष्ट बोलतो. जयंती जोरात व्हावी असे आम्हालाही वाटते. परंतु वस्तीत दिवसाची कायदेशीर मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. ज्या शाहिरांनी नुसत्या डफ-ढोलकीवर बाबासाहेब गावोगावी पोहोचवले, त्यांच्या वारसांनाच आज मिरवणुकीत सुपारी मिळत नाही. आमच्या स्नेह्यांना यंदा एकाही मंडळाने बोलावले नाही. त्यांनी तक्रार केली नाही. एप्रिलमधल्या त्या रात्री ते मुलीकडे कल्याणला जाऊन राहिले.

कान्हेरीला जायचे तर सकाळी लवकर निघा, पिण्याचे पाणी बरोबर घ्या, आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी लेणी बंद असतात. माकडांपासून भाकरीची पिशवी सांभाळावी. पुढच्या सुट्टीला आम्ही अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांवर जाणार आहोत. भोवती एवढी वस्ती वाढली आहे, तेथे काय ऐकू येते ते पाहायचे आहे.