पडलेल्या झाडाचा ताण

वृक्ष उभा आहे तोंवर तो कधीं पडेल याची धास्ती. एकदां पडला म्हणजे भयाचें कारण संपलें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. ज्या कुटुंबांच्या मागील दारीं आंबा, फणस, माड आहेत, त्यांनीं ती जाणून घेणें अगत्याचें वाटल्यावरून हे चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यांतील. पूर्वजांनीं लाविलेलीं झाडें त्या एका दिवसांत आडवीं झालीं. वाटा बंद, वीज बंद. पूर्वीं असा वृक्ष तोडावयाचा म्हणजे कुऱ्हाड, आणि दोघांनीं ओढावयाची करवत. आतां तें काम चेनसॉ करते. आमच्याकडील गडी तिला नुसतें ‘कटर’ म्हणतात. ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ यापासून आला. कर म्हणजे हात, आणि पत्र म्हणजे पातें. या नव्या करवतींत हात केवळ धरावयास उरला आहे. हात मंद चाले तोंवर बुद्धीस विचार करावयास अवकाश मिळे; तो अवकाश आतां आपण होऊन काढावा लागतो.

अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स नांवाच्या एका लांकूडतोड्यानें लांकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखून साखळीच्या दांतांची नवी घडण बसविली, आणि १९४७ सालीं ती विक्रीस आणली. आजच्या साखळ्या बहुतेक त्याच धर्तीच्या. लांबट पट्टीभोंवतीं ही साखळी सेकंदास सुमारें २० मीटर वेगानें धांवते. खालच्या कडेवर धरणाऱ्याकडे, वरच्या कडेवर त्याच्यापासून दूर. म्हणून खालच्या कडेनें कापतांना यंत्र लांकडाकडे ओढलें जातें, आणि वरच्या कडेनें कापतांना आपल्याच अंगावर रेटलें जातें. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग मात्र कशासहि टेकूं देऊं नये. तेथें दांत अडकले कीं सारें यंत्र उसळून तोंडाकडे येतें, आणि हें डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं होतें. यासाठीं पुढील मुठीसमोर ढालीसारखी एक दांडी असते. ती पुढें ढकलली गेली कीं साखळी थांबते. ती शाबूत आहे कीं नाहीं, हें कामापूर्वीं पाहावें. यंत्र दोन्ही हातांनीं, डावा अंगठा मुठीखालून वळवून धरावें. पट्टीच्या रेषेपासून किंचित् डावीकडे सरून उभें राहावें. खांद्यापेक्षां उंच यंत्र उचलूं नये.

पण यंत्राहूनहि अधिक समजून घ्यावयाचा तो ओंडका. दोन्ही टोंकें टेकलेलीं आणि मध्य अधांतरीं, असा बुंधा वरच्या अंगास दाबलेला व खालच्या अंगास ताणलेला असतो. तो वरूनच कापीत गेल्यास छेद मिटतो आणि पट्टी आंत चिमटून बसते. म्हणून आधीं वरून सुमारें तृतीयांश जाडी कापावी, मग खालून वर येऊन छेद मिळवावा. एकच टोंक टेकलेलें असेल तर क्रम उलट: आधीं खालून तृतीयांश, मग वरून, नाहींतर बुंधा उभा चिरत जातो. दबून वांकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी समजावी. उतारावर ओंडक्याच्या वरच्या अंगास उभें राहावें. झाडांत विजेची तार अडकली असेल तर वीज मंडळाचा माणूस येऊन खात्री देईपर्यंत झाडास हातच लावूं नये. श्लोकाचा अर्थ लावण्यापूर्वीं अन्वय लावावा, असें आम्ही वर्गांत सांगत असूं; येथेंहि प्रथम भार कोठें आहे याचा अन्वय लावावा, मग छेद द्यावा.

आमच्या परसांतील फणस मुळांसकट उलथला होता. तो कापावयास आलेल्या गड्याच्या पायांत रबरी चपला, आणि डोळ्यांवर कांहींच नव्हतें. “गुरुजी, तुम्ही ओटीवर बसा, आमचं हें रोजचंच आहे,” असें तो म्हणाला. धाकटे बंधूहि म्हणाले, “दादा, काम उक्तें दिलें आहे, लौकर होऊं द्या.” आम्हांस त्या ‘उक्तें’ शब्दांतच सारें मर्म दिसलें. उक्त्या कामांत जितकी घाई तितकी मिळकत. आम्हीं तें काम रोजंदारीवर करविलें. जाड बूट, शिरस्त्राण, डोळ्यांस चष्मा आणि कानांस झांकणें आणवेपर्यंत यंत्र बंद ठेविलें. बंधू दोन दिवस अबोल होते. खर्च वाढला हें खरें. पण तो खर्च एका माणसाच्या पायाच्या मोलाचा नव्हता.

फणसाची मुळें मातीसह भिंतीसारखीं उभीं होतीं, आणि मागें खोल खड्डा पडला होता. घरचीं मुलें त्यांत किल्ला करून खेळत. काम सुरू करण्यापूर्वीं त्या गड्यानेंच मुलांस घरांत घ्यावयास सांगितलें. बुंधा तुटून वेगळा होतांच मुळांची ती भिंत उरलेल्या खोडासह धाडकन् मागें कलली, आणि खड्डा क्षणांत मिटला. मुलांच्या मातोश्री खिडकींतून पाहत होत्या. त्या मटकन् खालीं बसल्या. त्या गड्याचें ज्ञान आमच्या ज्ञानाहून अधिक होतें. त्यास उणीव होती ती वेळेची आणि साधनांची; आणि तीं देणें काम सांगणाराच्या हातीं होतें.

या कामासाठीं विशेष विजारीहि मिळतात. साखळी लागतांच त्यांतील लांब तंतू चक्रांत गुंततात आणि यंत्र थांबतें. एका वाडीस एक जोड जड वाटला, तर चार घरांनीं मिळून घ्यावा. आपल्या घरांतून ही करवत स्वतः चालविणारे थोडे. चालवावयास सांगणारेच पुष्कळ. तेव्हां पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारतां शाकारतां हेंहि ठरवून ठेवावें: झाड पडल्यास काम उक्तें द्यावयाचें नाहीं, उघड्या पायांच्या माणसास यंत्र सुरू करूं द्यावयाचें नाहीं, आणि शेवटचा तुकडा पडेपर्यंत मुलांस परसांत जाऊं द्यावयाचें नाहीं.