अशक्तपणातला माझा वाटा

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, झालेल्या माणसाच्या अंगात अशक्तपणा दोन वाटांनी शिरतो. पहिला आजाराचा. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. मग मेंदूचा हुकूम पायापर्यंत उशिरा पोचतो, अर्धवट पोचतो, कधी पोचतच नाही. दुसरा अशक्तपणा बसून राहण्याचा. पाय जड वाटतो म्हणून कमी चालायचं, कमी चाललं म्हणून मांडी वाळायची, मांडी वाळली की पाय आणखी जड. पहिल्यावर माझं फारसं काही चालत नाही, तो डॉक्टरांचा आणि औषधांचा प्रांत. दुसरा मात्र बराचसा माझ्या हातात आहे. योगासनं आणि वजनांचा व्यायाम मी करते तो या दुसऱ्या वाट्यासाठी. यातलं खरं कसब आसनात नाही की वजनात नाही. आज अंगात या दोघांपैकी कोण जास्त आहे, हे सकाळी ओळखण्यात ते आहे.

माझ्या बेंबळी गावात हे ओळखणं अवघड करतं ते ऊन. आमच्या धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि एमएसच्या तंतूला उष्णता सोसत नाही. आवरण झिजलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा जात असतो. अंगाचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी तो अडतो. नजर धूसर होते, पाऊल फरपटतं, हातातली वस्तू निसटते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं 1890 साली ही गोष्ट नोंदवली. श्रम केल्यावर काही रुग्णांची नजर मंद होते, असं त्याला दिसलं आणि दोष श्रमाचा आहे असं त्यानं मानलं. श्रमानं अंग तापतं आणि खरा अडथळा त्या तापण्याचा असतो, हे पुढं उमगलं. एमआरआय येण्याआधी तर निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहत.

श्रमाला लागलेला तो डाग फार काळ टिकला. एमएस म्हटलं की विश्रांती घ्या, दमू नका, असंच कित्येक दशकं सांगितलं गेलं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णांकडून पंधरा आठवडे व्यायाम करून घेतला, त्याचे निष्कर्ष 1996 साली प्रसिद्ध झाले. त्यांचा दमसास वाढला, हातापायांची ताकद वाढली. त्या जुन्या सल्ल्यापायी किती जणांच्या मांड्या विनाकारण वाळल्या असतील, या विचारानं मला आजही वाईट वाटतं. आणि तो सल्ला संपलेला नाही, घराघरांतून मायेपोटी अजून दिला जातो. "तू बस, मी आणते पाणी." माया खरीच असते. पण ज्याला उठता येतं त्याला उठू न देणं, हे त्या मायेतलं नुकसान आहे.

म्हणून माझा व्यायाम उजाडण्याच्या आधी असतो. आमच्या घराची जुनी खोली माळवदाची आहे. तिच्या जाड मातीच्या भिंती पहाटे गार असतात आणि वीज गेली तरी तिथं लगेच उकडत नाही. आधी माठातलं गार पाणी पिते, मानेवर ओला पंचा टाकते, मग सुरुवात. मध्ये नजर अंधुक झाली किंवा पाऊल अडखळायला लागलं तर थांबते, गार होते आणि वाट बघते. अंग निवल्यावर सगळं जागेवर आलं तर ती उष्णतेची करामत, तिला घाबरायचं कारण नाही. पण नवं काही लक्षण दिसलं, ताप नाही, लघवीचा जंतुसंसर्ग नाही आणि तरी ते चोवीस तास हललं नाही, तर तो रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, असू शकतो. तेव्हा वजनं कोपऱ्यात आणि फोन न्यूरॉलॉजिस्टला. हा फरक स्वतःच्या अंगावर वाचता येईपर्यंत कुणीही वजनाला हात घालू नये असं माझं ठाम मत आहे.

योगासनांत मला वाट सापडली ती बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीत. पुण्यात 1975 साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत भिंतीतले दोर, खुर्च्या, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड ही आसनाची साधनं झाली. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणायचं, हा त्यामागचा विचार. एरिक स्मॉल हे अमेरिकन शिक्षक ऐन तारुण्यात एमएसचे रुग्ण झाले, अय्यंगारांकडे शिकले आणि पुढं एमएस असलेल्यांनाच शिकवत राहिले. त्यांनी लॉरेन फिशमन या डॉक्टरांबरोबर लिहिलेलं पुस्तक 2007 साली आलं.

माझी साधनं गावातलीच आहेत. पट्टा म्हणजे बाजेच्या नवारीचा तुकडा. ठोकळे म्हणजे जुन्या लुगड्यात शिवलेल्या विटा. सुप्त पादांगुष्ठासनात पाठीवर पडून तळव्याला नवार लावायची आणि पाय हळूहळू वर घ्यायचा. ताठरलेल्या पोटरीला घाई केली की ती उलट आणखी ताठते, पाय थडथड उडायला लागतो. तिथं दोन-तीन मिनिटं गप्प राहावं लागतं, मग ती आपण होऊन सोडते. त्रिकोणासन भिंतीला पाठ लावून, हात खुर्चीवर ठेवून. हा आजार तोल बऱ्याचदा लवकर नेतो, म्हणून भिंतीची लाज बाळगायची नाही. सर्वांगासन आणि हलासन मी सोडून दिली. मान खाली वाकवली की पाठीच्या कण्यातून विजेचा झटका उतरतो. लेर्मित या फ्रेंच डॉक्टरानं 1924 साली वर्णिलेलं हे लक्षण ज्याला आहे, त्यानं हनुवटी छातीला टेकवायच्या आसनांचा हट्ट धरू नये. आणि शवासन मी शेवटासाठी राखून ठेवत नाही, दर दोन-तीन आसनांनंतर घेते. अंग निवायला जो वेळ लागतो तोही व्यायामाचाच वेळ आहे.

योगानं एमएस बरा होतो असं सांगणारे भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवून कुणी औषध बंद केलं की मला फार राग येतो. अमेरिकेतल्या पोर्टलँडमध्ये 69 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. काहींना सहा महिने अय्यंगार पद्धतीचा योग, काहींना सायकलसारख्या यंत्रावरचा व्यायाम, काहींना काहीच नाही. योगवाल्यांचा थकवा कमी झाला, सायकलवाल्यांचाही झाला. स्मरण आणि एकाग्रता दोन्हीकडे होती तशीच राहिली. थकवा कमी होणं ही छोटी गोष्ट नव्हे. ज्यांना तो थकवा ठाऊक आहे ते यासाठी पहाटे उठतील.

वजनं मात्र मी नंतर धरली. आमच्याकडे ताकद म्हणजे तालीम, आणि तालीम म्हणजे पोरांचे जोर-बैठका, आकडा रोज चढता. बायकांनी आयुष्यभर घागरी आणि भारे उचलले, पण त्याला व्यायाम कुणी म्हटलं नाही. एमएसमध्ये वजनं चालतात का, याचाही अभ्यास झाला आहे. डेन्मार्कमधल्या 38 रुग्णांचा असा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, पायांना चढती वजनं. ताकद वाढली आणि चालणं, जिना चढणं, खुर्चीतून उठणंही सुधारलं. मीही आठवड्यातून दोनदाच करते. वजन म्हणजे कापडी पिशवीत शाळू, किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घेतलेला. वाढवायचा तर अर्धा किलो, आणि तोही आधीचं वजन दोन-तीन आठवडे सहज उचलता आल्यावरच. पिशवी छातीशी धरून बाकावरून उठणं-बसणं, पायरीच्या कडेवर टाचा उचलणं, आणि बसल्या बसल्या चवडे वर ओढणं. हे शेवटचं दिसायला काहीच नाही, पण चालताना पायाचं बोट जमिनीला अडकून पडणं त्यानंच टळतं. डाव्या, कमजोर पायाचं काम आधी, अंग ताजं असताना. दोन फेऱ्यांमध्ये दम पूर्ण बसेपर्यंत थांबायचं.

शेजारच्या आजी एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, पायात जीव न्हाई म्हणता आन् वजनं उचलायल्यात, हे आसं कसं?"

"आजी, पायात जीव हाय," मी म्हटलं, "सांगावा उशिरा पोचतोय त्याला."

त्यांनी मान डोलावली आणि पिशवीतला शाळू कुठल्या रानातला ते विचारलं.

माझ्या लेखी या सगळ्या व्यायामाची परीक्षा चालण्यात नाही, जमिनीवरून उठण्यात आहे. आमची पंगत जमिनीवर, भजन जमिनीवर, वाती वळणं, शेंगा फोडणं जमिनीवर. खाली बसता आलं नाही की बाईला सगळ्यांपासून वेगळी खुर्ची मिळते आणि हळूहळू ती गप्पांतून बाहेर जाते. म्हणून उठण्याचे तुकडे करून सराव करते. आधी कुशीवर, मग चारही हातापायांवर, मग एक पाऊल पुढं आणि एक गुडघा खाली, हात स्टुलावर, श्वास सोडत वर. उजवं पाऊल पुढं असलं की आता स्टुलाला दोन बोटं पुरतात. डावं पुढं घेतलं की अजून अख्खा तळहात टेकवावा लागतो. या हिवाळ्यात, हवा गार आहे तोवर, डाव्याचंच काम काढलं आहे.