पाय रोवण्याची जागा

सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल, घरात ठेवायचं तर जागा तेच ठरवतं, हे आधी मान्य करावं लागतं. आपण हौसेनं ते टँकच्या मधोमध, समोरून छान दिसेल अशा दगडावर ठेवावं, आणि सकाळी ते मागच्या काचेपाशी पोहोचलेलं असावं. त्याच्या बुडाशी मांसल चकती असते, तोच त्याचा पाय. त्यावर ते डोळ्यांना कळणार नाही इतकं हळू सरकतं. उजेड पुरेसा, पाण्याचा ओढा सोसेल इतका आणि पाय खुपसायला कपार, एवढं जमलं की थांबतं. तोवर पंपाच्या तोंडाला जाळी हवीच. ओढलं गेलं तर चिंध्या होतात आणि सगळ्या टँकचं पाणी नासतं.

माझी त्याची ओळख रत्नागिरीकडच्या कातळावरची. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला ओहोटी पार लांब जायची. मावशी कालवं काढत असायची आणि मी डबक्यांत बोट घालत बसायचे. बोट लावलं की ते चिकटायचं. तो त्याचा डंख असतो. भक्ष्याला तो पुरतो, बोटाच्या कातडीत मात्र शिरत नाही. पाणी हटलं की तेच समुद्रफूल मिटून जेलीच्या गोळ्यासारखं कातळाला लटकायचं. मे महिन्यातलं तापलेलं पाणी, पावसात जवळजवळ गोडं झालेलं पाणी, सगळं ते सोसायचं.

पुढे कॉलेजसाठी मुंबईला आले. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय होतं. समुद्र काचेमागे ठेवता येतो हे तिथे पाहिलं. लग्नानंतर ठाण्याच्या घरात आम्ही खाऱ्या पाण्याचा टँक लावला. मासे आले, पण समुद्रफुलासाठी वर्षभर थांबलो. नव्या टँकचं पाणी स्थिरावलेलं नसतं. ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट २००३ साली आला, तेव्हापासून मुलं नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊनफिशसाठी हट्ट धरतात आणि पालक त्याच दिवशी ॲनिमोनही घेऊन येतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं असतं: थांबा. टँकमध्ये हा मासा ॲनिमोनशिवायही उत्तम राहतो.

आमचं होतं बबल टिप, शेंड्याशी फुगीर बोटांचं. ते प्रवाळांच्या समुद्रातलं. तिथलं तापमान आणि मीठ दिवसभरात फारसं हलत नाही, म्हणून कातळावरच्या भावंडांचा चिवटपणा त्याच्याकडून मागता येत नाही. त्याला पंचवीस-सव्वीस अंश तापमान लागतं आणि पाण्याची घनता १.०२५च्या आसपास. ठाण्यातल्या उन्हाळ्यात चिलर असूनही पाणी भराभर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून वरून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओच्या पाण्याची, रोज, थोडी थोडी. मी खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून रेघ पाहायचे आणि मग तांब्याने पाणी ओतायचे. सासूबाईंच्या लांबलेल्या आजारपणात, लेक शिकायला परगावी गेली त्या दिवसांतही हे काम मी कुणावर सोपवलं नाही. घरात काहीच जागच्या जागी राहत नसताना एवढं एक पाणी कालच्यासारखं ठेवणं माझ्या हातात होतं.

त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. उजेडावर ती अन्न करतात आणि यजमानाला वाटा देतात. ती निघून गेली की ॲनिमोन पांढरंफटक पडतं. नवख्याला ते देखणं वाटतं, पण तेव्हा ते उपाशी असतं. बाकी खाणं आठवड्यातून एखादा कोळंबीचा बारीक तुकडा. कधी ते आक्रसून उरलंसुरलं बाहेर टाकतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. तोंड आ वासून सैल पडलं, तर मात्र लगेच पाणी तपासावं.

१८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सर जॉन डॅलियेल यांनी एक समुद्रफूल उचलून बरणीत ठेवलं. त्याला लोक ‘ग्रॅनी’ म्हणू लागले. डॅलियेल १८५१ साली गेले, बरणी एकाच्या हातून दुसऱ्याकडे जात राहिली, आणि ग्रॅनी १८८७पर्यंत जगली. पंप नाही, चिलर नाही. वेळच्या वेळी बदललेलं समुद्राचं पाणी आणि शिंपल्याच्या मांसाचा तुकडा. त्या अनोळखी सांभाळणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

आमचं ॲनिमोन एका पावसाळ्यात मधोमध ताणलं जाऊन चिरलं आणि त्याची दोन झाली. बबल टिप असंच वाढतं. समुद्रातून खुडलेल्यापेक्षा असं टँकमध्ये झालेलंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. यातलं एक पुण्याच्या भाच्याला दिलं. पाय ओढून काढला तर फाटतो, म्हणून ते बसलं होतं त्या दगडासकट थर्माकोलच्या पेटीतून पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन: “मावशी, ते दगड सोडून कोपऱ्यात गेलंय. परत आणून ठेवू का?” मी म्हटलं, “हात लावू नकोस. आठवडाभर खायलाही घालू नकोस. आज मीठ मोजलंस का?”